पायातील गुठळी, छातीतील धाप : चुकलेले निदान आणि रुग्णाचा शब्द

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, प्रसूती अशा रकान्यांतून वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडला जातो. देणगीदार व विश्वस्त तो बारकाईने पाहतात आणि त्यांनी तो पाहावाच. परंतु ज्या रुग्णाचे निदान चुकले त्याच्यासाठी या तक्त्यांत वेगळा रकाना नसतो. तो रुग्ण हिशेबातून गळत नाही. तो भलत्याच रकान्यात जाऊन बसतो. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली बाळंतीण 'न्यूमोनिया' या सदरात मोजली जाते, तर पायाच्या शिरेत गुठळी झालेला शेतमजूर 'हत्तीरोग' किंवा 'स्नायूची दुखापत' या सदरात. प्रस्तुत लेख या आजाराविषयी आहे. रुग्णाने अथवा त्याच्या नातलगांनी वेळेवर उच्चारलेल्या एखाद्या नेमक्या वाक्याने तो कसा उघडकीस येऊ शकतो, याविषयीही आहे.

रक्त गोठणे हा मुळात शरीराचा गुण आहे. विळ्याने बोट कापले आणि थोड्या वेळात रक्त थांबले, तर ती या गुणाची कृपा. हीच क्रिया जखम नसताना शिरेच्या आत घडली की तिचे संकटात रूपांतर होते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्चो यांनी १८५६ साली या विषयावर मूलभूत लेखन केले, आणि पुढे त्यांच्या नावाने तीन कारणांचे त्रिकूट वैद्यकात रूढ झाले : रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. मांडीचे हाड मोडून प्लास्टरमध्ये पडून असलेला मनुष्य, मोठी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, कर्करोगाचा रुग्ण, लांबचा बसून केलेला प्रवास, काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्या, आणि आपल्या विदर्भात विशेषतः सिकलसेलचा आजार, या सर्वांत यांपैकी एक वा अधिक कारणे उपस्थित असतात. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीत तर तिन्ही एकत्र येतात. गरोदरपणात गुठळीचा धोका एरवीच्या चार ते पाच पट होतो आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो त्याहूनही अधिक असतो. आपल्याकडे ज्याला सव्वा महिना म्हणतात, तो काळ जवळजवळ हाच आहे. बाळंतिणीने खाटेवरून उठू नये आणि तिला पाणी बेतानेच द्यावे, ही समजूत काही घरांत अजून पाळली जाते. गुठळीच्या दृष्टीने ती दोन्ही अंगांनी अहितकारक ठरते.

गुठळी बहुधा पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत धरते. तिचा तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर वर चढतो, हृदयाच्या उजव्या भागातून पुढे जातो आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. पायाचे दुखणे अशा रीतीने छातीत प्रकट होते. रुग्णाला मात्र या दोहोंचा संबंध उमगत नाही, आणि घाईत तपासणाऱ्या वैद्यालाही तो अनेकदा उमगत नाही.

हृदयविकाराचा झटकाही हृदयाच्या रक्तवाहिनीत झालेल्या गुठळीनेच येतो. तो मराठी घरांना आता चांगला परिचित आहे. वर्ध्यात जन्मलेल्या डॉ. अभय बंग यांनी स्वतःच्या दुखण्यावर लिहिलेल्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाचाही त्या परिचयात वाटा आहे. छातीत कळ आली, घाम फुटला, की खेड्यातला मनुष्यसुद्धा गाडी शोधू लागतो. पायातल्या गुठळीच्या वाट्याला असे पुस्तक आले नाही.

निदान का चुकते?

याचे सरळ उत्तर असे की ही गुठळी नेहमीच दुसऱ्या, अधिक परिचित आजाराच्या वेषात येते. धाप लागली तर दमा, खोकल्यातून रक्त पडले तर क्षय, श्वास घेताना बरगडीखाली कळ आली तर न्यूमोनिया किंवा गॅस, चक्कर येऊन पडले तर अशक्तपणा, आणि बाई तरुण असून घाबरी झाली असेल तर 'मनावर घेतले आहे'. यांतील प्रत्येक आजार आपल्या भागात गुठळीपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. वैद्य नेहमीच्या आजाराचा विचार प्रथम करतो, हा त्याचा दोष नव्हे. ती त्याची शिस्त आहे. चूक घडते ती दिलेल्या औषधाने उतार पडत नसतानाही दुसरा विचार मनात येऊ न दिल्याने.

सिंदी (रेल्वे) आणि भोवतालच्या सेलू तालुक्यातील वाचकांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगावीशी वाटते. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा प्रदेश. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे १९६९ साली ग्रामीण भागासाठी सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन झाले ते याच कारणाने. त्यामुळे इकडे पाय सुजला की घरातले, शेजारचे आणि कधीकधी दवाखान्यातलेही एकच नाव घेतात. परंतु दोन्ही सुजांची चाल वेगळी असते. हत्तीरोगाची सूज महिन्या-वर्षांच्या गतीने वाढते. तिच्या मागे बहुधा थंडीतापाचे आणि जांघेत अवधाण येण्याचे वारंवार झालेले प्रसंग असतात. गुठळीची सूज तासा-दिवसांत येते. काल सकाळी सारखे असलेले दोन पाय आज संध्याकाळी वेगळे दिसतात. एक पोटरी ताठ, गरम, दाबल्यास दुखरी, कधी किंचित निळसर. 'सूज कधीपासून?' या प्रश्नाला 'बरेच दिवस झाले' असे ढोबळ उत्तर दिले की हा मोलाचा फरक पुसला जातो. 'परवा सोमवारी नव्हती, मंगळवारी सकाळी दिसली' असे उत्तर मिळाले, तर अर्धे निदान तिथेच होते. आणि अशा पायाला तेल लावून रगडून मालिश करू नये. मायेने केलेले असले तरी ते गुठळी सुटण्यास कारण होऊ शकते.

छातीतील गुठळीची एक खूण वैद्यांनीही मनावर कोरून ठेवावी अशी आहे. ती म्हणजे विसंगती. रुग्णाला धाप फार, नाडी जलद, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर प्राणवायू कमी. पण स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ ऐकू येते आणि एक्स-रेतही विशेष काही दिसत नाही. 'एक्स-रे चांगला आहे, काळजीचे कारण नाही' हे वाक्य अशा वेळी धीर देणारे वाटते. वास्तविक एक्स-रे चांगला असूनही श्वास पुरत नाही, हेच काळजीचे कारण असते.

एका प्रसिद्ध रुग्णाची हकीकत

विख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांचा पाय २०१० च्या जुलैमध्ये जर्मनीतील म्युनिक येथे काचेने कापला. शस्त्रक्रिया झाल्या, पाय बांधून ठेवावा लागला, आणि २०११ च्या आरंभी त्यांच्या फुप्फुसात गुठळी आढळली. उपचारांनी त्या बऱ्या झाल्या व पुन्हा खेळू लागल्या. १ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेत त्यांना सिझेरियनने मुलगी झाली. शस्त्रक्रियेमुळे रक्त पातळ ठेवणारे औषध थांबविलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाएकी श्वास अपुरा पडू लागला. पूर्वीच्या अनुभवामुळे त्यांना शंका आली. त्यांनी परिचारिकेस स्पष्ट सांगितले की फुप्फुसाचा सी. टी. स्कॅन करावा आणि हेपारिन सुरू करावे. वेदनाशामक औषधामुळे बाई भ्रमात बोलत असावी असे परिचारिकेस वाटले. त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मग डॉक्टर आले आणि त्यांनी पायांची सोनोग्राफी केली. तीत काही निघाले नाही. त्यांनी पुन्हा सी. टी. चा आग्रह धरला. शेवटी तो झाला आणि फुप्फुसात अनेक लहान गुठळ्या दिसल्या.

पुढचा भागही सांगितलाच पाहिजे, कारण तो बहुधा वगळला जातो. तीव्र खोकल्याने पोटावरची जखम उघडली. रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे पोटात रक्तस्राव होऊन ते साचले. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि पायांतून गुठळ्या वर जाऊ नयेत म्हणून मोठ्या शिरेत जाळी बसवावी लागली. घरी गेल्यावर सहा आठवडे त्या अंथरुणास खिळून होत्या. जुलै २०१८ मध्ये त्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात खेळल्या.

या हकीकतीत परिचारिकेला खलनायिका ठरविण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकाने खरोखरच काही रुग्णांना भ्रम होतो. मात्र दोन धडे घेण्यासारखे आहेत. पायांची सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून फुप्फुसात गुठळी नाही असे ठरत नाही, हा एक. दुसरा असा की औषधही निरुपद्रवी नसते. म्हणून रुग्णाने 'मला हे इंजेक्शन द्या' असा हुकूम सोडावा, असे आम्ही सुचवीत नाही. 'ही गुठळी असू शकेल काय? नसेल तर ती नाही असे कशावरून ठरविले?' एवढा प्रश्न मात्र त्याने जरूर विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावा.

जगज्जेत्या, धनवान आणि आपल्या आजाराचे नाव ठाऊक असलेल्या बाईचे बोलणे जर पहिल्या फेरीत ऐकले गेले नाही, तर सिंदीला माहेरी आलेल्या एखाद्या विशीतल्या मुलीचे काय होत असेल? तिचे बोलणे तर वैद्यापर्यंत थेट पोहोचतच नाही. रात्री ती आईला सांगते, 'आई, पडले की श्वास कोंडतो, बसून राहावेसे वाटते.' आई सकाळी जावयांना फोनवर सांगते, 'तिला जरा दम लागतो.' जावई संध्याकाळी येऊन डॉक्टरांना सांगतात, 'साहेब, अशक्तपणा आहे, ताकदीचे काही लिहून द्या.' तीन तोंडांतून जाताना श्वास कोंडण्याचा अशक्तपणा झाला. यात कोणी खोटे बोलले नाही. बाळंतिणीने फार बोलू नये, वडीलधाऱ्यांसमोर दुखणे वाढवून सांगू नये, या आपल्या घरांतील सभ्यतेनेच तक्रार सौम्य होत गेली. माझ्या मते या आजारात निदान चुकण्याचा आरंभ पुष्कळदा दवाखान्यात नव्हे, तर या ओसरीवर होतो. म्हणून विनंती अशी की रुग्णाला स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावे. नातलगांनी त्यात तारखा, वेळा आणि मागील आजार यांची भर घालावी, परंतु भाषांतर करू नये.

सांगावयाचे वाक्य साधे असावे. 'हिचे सिझेरियन होऊन बारा दिवस झाले, काल दुपारी एकाएकी धाप लागली, डावी पोटरी तीन दिवसांपासून सुजली आहे.' वैद्याच्या कानाला या वाक्यात जे ऐकू येते ते 'ताकदीचे काही द्या' यात ऐकू येत नाही. घरात पूर्वी कोणाला गुठळी झाली असल्यास, कोणी तरुणपणी एकाएकी दगावले असल्यास, वारंवार गर्भपात झाले असल्यास, सिकलसेलचा आजार असल्यास, तेही न विचारता सांगावे.

तपासणी, अंतर आणि वेळ

डी-डायमर नावाची रक्ततपासणी अलीकडे पुष्कळ ठिकाणी होते. धोका कमी वाटणाऱ्या रुग्णात ती निर्दोष आली तर गुठळी जवळपास नाकारता येते. परंतु बाळंतपण, शस्त्रक्रिया व जंतुसंसर्ग यांतही ती वाढते. त्यामुळे केवळ वाढली म्हणून गुठळी सिद्ध होत नाही. पायासाठी डॉप्लर सोनोग्राफी आणि फुप्फुसासाठी शिरेतून औषध देऊन केलेला सी. टी. स्कॅन, हे खरे पुरावे.

लहान गावच्या रुग्णाला सी. टी. साठी बहुधा वर्धा-सेवाग्रामची किंवा बुटीबोरीवरून नागपूरची वाट धरावी लागते. गाडीची जुळवाजुळव, पैशांची सोय, 'उद्या सकाळी पाहू' हा सल्ला, यांत रात्र जाते. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. गुठळीची शंका बळकट असेल आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल, तर स्कॅनची वाट न पाहता हेपारिनचे पहिले इंजेक्शन देऊन मग रुग्णास पुढे पाठविणे वैद्यकशास्त्रास मान्य आहे. म्हणून पुढे पाठविताना नातलगांनी अवश्य विचारावे : 'पहिले इंजेक्शन इथे देता येईल काय? दिले असल्यास किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहाल काय?' त्या चिठ्ठीत शंकेचे नावही असावे. 'धाप, पुढील उपचारार्थ' एवढेच लिहिलेली चिठ्ठी मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीत रुग्णाला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून ठेवते.

या घाईमागे भक्कम आधार आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बॅरिट व जॉर्डन या डॉक्टरांनी १९६० साली फुप्फुसातील गुठळीच्या ३५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रक्त पातळ करणारे औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ जण गुठळीने मरण पावले. औषध दिलेल्या १६ जणांपैकी एकही गुठळीने दगावला नाही. त्यानंतर औषधाविना रुग्ण ठेवून तुलना करणे उचित राहिले नाही. एवढ्या लहान अभ्यासाने एवढी मोठी प्रथा बदलल्याची उदाहरणे विरळाच.

कागद आणि खर्च

गुठळीच्या रुग्णाचे कागद हे त्याचे अर्धे औषध आहे. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास उपचारांच्या नोंदींची प्रत ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात नोंदी मिळण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या वैद्याचे मत घेण्याचा हक्कही नमूद आहे. दुसरे मत मागितल्याने डॉक्टरांचा अपमान होतो, हा समज रुग्णांनी सोडावा, आणि काही डॉक्टरांनीही.

खर्चाच्या भीतीने स्कॅन पुढे ढकलला जातो, हे आम्ही जाणतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधारकार्ड यांच्या प्रती घरात एका पिशवीत तयार ठेवाव्यात. रात्री दोन वाजता त्या सापडत नाहीत. देणगीदारांना एक सांगणे : सोनोग्राफी यंत्र देण्याचा मानस असल्यास ते परस्पर खरेदी करून पाठवू नये. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्राची व केंद्राची नोंदणी लागते, म्हणून आधी कार्यालयाशी बोलावे.

घरी परतल्यावर

उपचार किमान तीन महिने चालतो. कारण कायम असल्यास अधिक काळ. आता नव्या गोळ्या उपलब्ध आहेत, तरी स्वस्त व जुनी वॉरफेरिन अजून पुष्कळ रुग्ण घेतात. तिची जन्मकथा शेतकऱ्यांना रंजक वाटेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गोड क्लोव्हर नावाचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. १९३३ साली एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेले दुधाचे भांडे घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. त्या शोधातून पुढे हे औषध निघाले. प्रथम ते उंदीर मारण्यासाठी विकले जात होते. मात्रा किंचित चुकली तर काय होईल, हे यावरून ध्यानात यावे. म्हणून आय. एन. आर. ही रक्ततपासणी सांगितलेल्या दिवशी करावी. पालेभाजी सोडू नये, पण तिचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास औषधाचे नाव सांगावे. अंगावर पाजणाऱ्या मातेला हेपारिन व वॉरफेरिन चालतात, नव्या गोळ्या मात्र टाळतात.

वॉरफेरिन घेत असताना दिवस राहिल्यास गर्भास अपाय होऊ शकतो, म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना कळवावे. उपचार संपून वर्षे लोटली असली तरी पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत जुना कागद दाखवावा. अशा स्त्रीला पुष्कळदा गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे हेपारिनची इंजेक्शने द्यावी लागतात. प्रसूतीसाठी दाखल होताना केसपेपरच्या पहिल्या पानावर 'पूर्वी गुठळी झाली होती' ही ओळ ठळक लिहून घ्यावी, आणि ती लिहिली गेली की नाही हे आईने किंवा नवऱ्याने स्वतः वाचून पाहावे.